वाढत्या अंगाचं

आमच्या इथं वर्षातून दोनदा, मार्चच्या सुमाराला आणि परत सप्टेंबरात, चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा बाजार भरतो. मी राहते ते स्टुटगार्टपासून लोकलने अर्ध्या तासावरचं गाव. बाजाराच्या दिवशी सकाळीच बाहेर रांग लागलेली असते आणि गरोदर बायकांना सगळ्यात आधी आत सोडतात. आत लांबच लांब टेबलं आणि त्यांच्यावर साइजप्रमाणे लावलेले गठ्ठे. इथं मुलांच्या कपड्यांचा साइज म्हणजे सरळ मुलाची सेंटीमीटरमधली उंची, ९२, ९८, १०४, ११०, त्यामुळं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की एक मूल डोळ्यांसमोर वाढत गेल्यासारखं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी लेक तेव्हा १०४ मध्ये होती आणि मी हिवाळ्यासाठी एक निळा लोकरी कोट उचलला, ११६ चा. टेबलामागे एक आजी बसल्या होत्या, पांढरे बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी कोट माझ्या हातातून घेतला, बाही आतून उलटी केली, दोन बोटांनी आतलं कापड मोजलं आणि म्हणाल्या, 'आउफ त्सुवाक्स. बरोबर केलंत.' मला शब्द कळला नाही. त्यांनी हात आधी टेबलाच्या उंचीला धरला आणि मग हळूहळू वर नेला. म्हणजे मूल अजून वाढणारे, ते धरून घेतलेलं.

मी तिथं उभ्या उभ्या हसले, कारण हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, फक्त मराठीत. इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं आणि दर जूनमध्ये शाळेचा गणवेश टाकायला गेलं की आई माप घ्यायच्या आधीच सांगायची, 'वाढत्या अंगाचं शिवा बरं का, आणि खाली चार बोटं दुमड ठेवा.' चार बोटं, सेंटीमीटर नाही. माझे बाबा आयुष्यभर यंत्रमागावर होते, कापड दोन बोटांत चुरगाळून सोडलं की त्यांना सूत कसलं ते कळायचं, आणि तसंच त्या आजींनी माझ्या कोटाचं कापड चुरगाळून पाहिलं होतं. मला वाटतं म्हणूनच मी त्यांच्याशी बोलत राहिले. पुढं कळलं त्या आमच्याच रस्त्यावर, दोन घरं सोडून राहतात.

आजींचा जन्म १९३८ चा, ब्रेस्लाऊचा. आता ते शहर पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ. २० जानेवारी १९४५ ला तिथं रस्त्यावरच्या लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं की बायका-मुलांनी शहर सोडायचं. रशियाची रेड आर्मी जवळ आली होती, रेल्वेत जागा नव्हती, कडाक्याची थंडी आणि गुडघाभर बर्फ, आणि माणसं चालत निघाली. त्या वाटेवर पुष्कळ लहान मुलं गारठून गेली. आजी तेव्हा सहा वर्षांच्या आणि धाकटा भाऊ तिसऱ्या वर्षात. आईनं दोघांना घरातले कपडे एकावर एक चढवले, आजींच्या अंगात तीन फ्रॉक, दोन जोड मोजे, त्यावर स्वेटर, त्यावर कोट. त्यांना हात खाली सोडता येत नव्हते. ट्रंक कधीतरी टाकून द्यावी लागते, अंगावरचं टाकून द्यावं लागत नाही, असा आईचा हिशोब, आणि तो बरोबर निघाला, ट्रंक तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला राहिली.

युद्धाच्या शेवटी आणि त्याच्यानंतर पूर्वेकडच्या भागांतून हाकललेले किंवा पळून आलेले जर्मन साधारण सव्वा कोटी, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आकडा वाचून काही होत नाही, निदान मला होत नाही. पण सहा वर्षांची मुलगी, तीन फ्रॉक आणि खाली न येणारे हात हे ऐकल्यापासून मी लेकीला थंडीत कपडे चढवताना दर वेळी तिचे हात खाली करून बघते.

१९४६ मध्ये ही मंडळी इकडं वुर्टेमबर्गमध्ये पोचली आणि एका शेतकऱ्याच्या घरात त्यांना एक खोली नेमून मिळाली. घर त्यांचं, कपाटं त्यांची, आणि सरकारी आदेशानं एक खोली यांची, दोन्ही बाजूंना अवघड. आजींच्या आईला शिवण येत होतं म्हणून निभावलं. शेतकरणीचं फाटकंतुटकं शिवून द्यायचं आणि बदल्यात दूध, बटाटे, कधी एखादं जुनं पांघरूण.

त्या काळात नवीन कापड नव्हतंच. युद्ध सुरू झालं तेव्हाच, १९३९ च्या नोव्हेंबरात, कपड्यांचं रेशन कार्ड आलं होतं, वर्षाला १०० पॉइंट, त्यातून मोजे, स्वेटर, कोट सगळं बसवायचं, आणि पुढं पुढं पॉइंट असले तरी दुकानात माल नसायचा. युद्ध संपल्यावर परिस्थिती आणखी बिघडली. गिरण्या पडलेल्या, कोळसा नाही, कापूस येणार कुठून, देश चार विजेत्या राष्ट्रांनी चार तुकड्यांत वाटून घेतलेला. आणि पोरं तर वाढतच होती ना. मोठी माणसं जुना कोट दहा वर्षं घालतील, पण सहा वर्षांच्या पोराला तो आठव्या वर्षी होत नाही. म्हणून त्या वर्षांतला मुलांचा जवळजवळ प्रत्येक कपडा हा आधी दुसरं काहीतरी होता. पॅराशूटचं रेशीम होतं, त्याचा पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे मुलांच्या चर्चमधल्या एका विधीचा, पांढरा फ्रॉक झाला. साखरेचं पोतं होतं, त्याचे धागे एकेक ओढून काढून त्यांचं बनियन विणलं, आणि ते असं टोचायचं की आजी आजही सांगताना खांदे हलवतात. पडदा, चादर, मिलिटरीची कांबळी.

सैनिकांचे कोट तर फार. दोस्त राष्ट्रांनी जर्मन युनिफॉर्म आहे तसा घालायला बंदी केली होती, तो दुसऱ्या रंगात रंगवावा लागायचा. म्हणजे प्रत्येक गावात कपडे उकळायच्या मोठ्या हंड्यात करड्या-हिरव्या कोटांचे तपकिरी, काळे, निळे कोट होत होते. आजींचा कोट तसाच, त्यांच्या मामाचा. मामा परत आला नव्हता. आईनं तो पूर्ण उसवला, रंगवला आणि उलटा करून शिवला, कारण बाहेरची बाजू झिजलेली आणि आतली नव्यासारखी. जर्मनमध्ये याला क्रियापदच आहे, वेंडेन, उलटवणं. मी तो फोटो बघितलाय, १९४७ च्या फेब्रुवारीतला. बटणं दुसऱ्याच बाजूला लागतात आणि वरचा छोटा खिसा डावीकडे असायचा तो उजवीकडे आलाय. आजींनीच बोट ठेवून दाखवलं, नाहीतर मला काय कळणार होतं. 'वर्गात निम्म्या मुलांचे खिसे उजवीकडे होते,' म्हणाल्या. बर्फ पडला की रंग सुटायचा आणि मानेवर तपकिरी ओघळ यायचे, ते आई रात्री मिठाच्या पाण्यानं पुसायची.

आणि लाल स्कर्ट. हे ऐकलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. आजी गावच्या शाळेत पहिल्यांदा गेल्या तेव्हा कितीतरी मुलींच्या अंगावर लाल स्कर्ट, एकाच लाल रंगाचे. त्यांना वाटलं हा इथला गणवेश असेल. ते नाझींच्या झेंड्यांचं कापड होतं. ज्या झेंड्यांनी बारा वर्षं प्रत्येक खिडकी भरलेली होती ते १९४५ च्या वसंतात एका रात्रीत आत गेले, मधला पांढरा गोल उसवून काढला गेला, आणि उरलं चांगलं, जाड, पक्क्या रंगाचं सूत. कापड टाकून कोण देणार? एका मुलीच्या स्कर्टवर मागे, कमरेच्या खाली, एक मोठा गोल दिसायचा, आजूबाजूपेक्षा गडद, कारण तिथलं कापड पांढऱ्या तुकड्याखाली झाकलेलं, उन्हानं विटलं नव्हतं. ती मुलगी फळ्याकडे गेली की सगळा वर्ग तो गोल बघायचा. कुणी काही बोलायचं नाही. मास्तरही नाही.

मी हे खूप दिवस डोक्यात घोळवत होते. घराघरात त्या वर्षांत चुप्पीच होती, बापानं काय केलं, काय पाहिलं, पोरांना कुणी सांगत नव्हतं, आणि पोरं मात्र तेच कापड घालून शाळेत जात होती. मामाचा कोट, बापाची पँट, खिडकीतला झेंडा. कपड्यांना लपवता येत नाही. विटकं-गडद दिसतं, जुन्या शिवणीची भोकं दिसतात, आधी कुठं बिल्ला होता ते दिसतं.

१९४६-४७ चा हिवाळा हा त्या शतकातल्या सगळ्यात वाईट हिवाळ्यांपैकी एक. नद्या गोठल्या, बोटी थांबल्या, कोळसा पोचेना. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात सांगितलं की जीव जगवण्यासाठी माणसानं जे कष्ट करून किंवा मागून मिळत नाही ते घेतलं तर ते समजून घेता येईल, आणि लोकांनी लगेच वॅगनमधून कोळसा उचलण्याला 'फ्रिंग्सन' म्हणायला सुरुवात केली. त्यात पोरंच पुढं. मुली एप्रनची झोळी करायच्या. शाळेच्या इमारती पडलेल्या म्हणून वर्ग पाळीनं भरायचे आणि पोरं कोट घालूनच बसायची, ज्यांना कोट होता ती.

पायांचं तर सगळ्यात वाईट. कापडाला ठिगळ लावता येतं, बुटाला पाय मोठा झाला की इलाज नाही. पुढचा भाग कापून बोटं बाहेर काढायची, मग त्याला चिंध्या गुंडाळायच्या. तळ लाकडाचे, टायरचे. दोन भावंडांत एक जोड असायचा, मग एक सकाळच्या शाळेत आणि दुसरा दुपारच्या, आणि तेही नसलं की मूल घरीच. ब्रिटिश प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ १९४६ च्या शरदात ब्रिटिश ताब्यातल्या भागात हिंडले आणि परत जाऊन त्यांनी जे पुस्तक काढलं त्यात मुलांच्या बुटांचे फोटो आहेत, फाटलेले, तोंड वासलेले, पानांमागून पानं. गोलान्झ स्वतः ज्यू. आपल्या लोकांचं जर्मनीनं काय केलं ते त्यांना पुरतं माहीत होतं, तरी हा माणूस डुसेलडॉर्फच्या शाळांत जाऊन पोरांचे बूट बघत होता आणि इंग्लंडात, जिथं स्वतःच रेशन चालू होतं, पार्सलं पाठवू द्या म्हणून भांडत होता. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि आमच्याकडं त्यांचं नाव फार कुणाला माहीत नसावं म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

आजींकडं नियम असा होता की ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यात अनवाणी. मे, जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्यक्षात एप्रिलमध्येच बूट काढले जायचे आणि ऑक्टोबरपर्यंत परत यायचे नाहीत, 'र' असो नसो. पहाटे गाई नुकत्याच उठून गेलेल्या जागी गवत गरम असायचं, तिथं पाय ठेवून उभं राहायचं आणि मग पुढच्या जागेकडं पळायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

पण ज्या कपड्याबद्दल त्या पिढीतलं कुणीही विचारलं की बोलायलाच लागतं तो म्हणजे लाइबशेन. पोटापर्यंतची एक जाड कापडाची बंडी, मागं बटणं, आणि खालून लोंबणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्या, त्याला मांडीपर्यंत येणारे विणलेले लोकरी मोजे अडकवायचे. मुली घालायच्या आणि मुलगेसुद्धा, कारण मुलग्यांना थंडीतही अर्धीच चड्डी असायची, आणि मोज्याच्या वर आणि चड्डीच्या खाली जो चार बोटं उघडा पट्टा राहायचा तिथं वारा असा झोंबायचा की संध्याकाळी ती जागा लालभडक. मोजा टोचायचा, घसरायचा, इलॅस्टिक तुटायचं. बटण हरवलं तर मोज्याच्या आतून एक फेनिगचं नाणं लावायचं आणि त्याच्यावर फास अडकवायचा. मागची बटणं स्वतःला लावता येत नसल्यामुळं सकाळी पोरं एकापाठी एक उभी राहायची, प्रत्येक जण पुढच्याची बटणं लावणार, आणि सगळ्यात मागच्याची आई. अंगासरशी बसणाऱ्या विणलेल्या स्ट्रम्पफहोझे, म्हणजे कमरेपर्यंतचे मोजे, आल्या आणि पन्नास-साठच्या दशकांत ही भानगड संपली. आजींच्या धाकट्या भावाला, ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत, अजूनही लोकर अंगाला लावून घेता येत नाही.

मदत यायला लागली तेही त्याच काळात. अमेरिकेतून केअर नावाच्या संस्थेची पार्सलं १९४६ पासून, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं शाळेतलं जेवण, स्वीडन, स्वित्झर्लंड, चर्चच्या संस्थांमार्फत कपड्यांच्या गासड्या. आजींच्या वाट्याला एक पिवळा फ्रॉक आला, फुगे असलेल्या बाह्यांचा, खिशावर चेरी भरलेल्या. कुठल्यातरी अमेरिकन मुलीचा. त्या म्हणतात, 'तो पहिला कपडा ज्याचं आधी दुसरं काही नव्हतं, फ्रॉकच होता तो आधीपासून.' तो त्यांनी तीन वर्षं घातला. आईनं दर वर्षी खालची दुमड थोडी थोडी सोडली, आणि दुमड संपल्यावर खाली दुसऱ्या कापडाचा पट्टा जोडला. फ्रॉक अजून त्यांच्याकडं आहे. खालच्या घेराला चार आडव्या रेघा आहेत, जिथं जिथं आधी दुमड होती तिथं रंग राहिलाय. भिंतीवर पेन्सिलीनं पोरांची उंची मांडतात तशाच त्या रेघा. फक्त यांना तेव्हा भिंत नव्हती.

२० जून १९४८, रविवार. पश्चिमेकडच्या तिन्ही भागांत नवं चलन आलं, डॉइच मार्क, माणशी ४० हातात. आणि सोमवारी दुकानांच्या काचांमागं माल, जो इतके दिवस कुठं दडवून ठेवला होता कोण जाणे, भांडी, सायकली, बूट, कापड. सगळ्या इतिहासांत हे येतं. आजी तेव्हा दहा वर्षांच्या, त्यांना त्यातलं फक्त एक आठवतं. आईनं लोकर आणली, तीन लडी, गडद हिरवी. आणि लोकर सरळ होती.

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मग त्यांनी समजावलं. आतापर्यंत त्यांनी बघितलेली सगळी लोकर उसवलेली. जुना स्वेटर उसवायचा, धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळायचा, ओला करायचा, खाली वजन बांधून वाळवायचा, तरी तो थोडा कुरळा राहतोच, प्रत्येक टाक्याची आठवण धरून. आजींना वाटायचं लोकर जात्याच कुरळी असते, केसांसारखी. एकच लोकर त्यांनी तीन वेळा घातली होती, आधी वडिलांचं स्लिपओव्हर, मग त्यांचा स्वेटर, मग भावाची टोपी आणि हातमोजे. आणि ही हिरवी लोकर बोटांतून सरळ, गुळगुळीत निघून जात होती. 'मी आईला म्हटलं, ही बिघडलेली आहे.' आई हसायला लागली आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि आजी घाबरून अंगणात पळाल्या.

पुढची वर्षं झपाट्यानं गेली आणि त्यांच्याबद्दल वाचायलाही पुष्कळ मिळतं, म्हणून थोडक्यात. १९५० मध्ये ओफेनबुर्गहून एन्ने बुर्डा यांचं शिवणाचं मासिक निघालं, पुढं त्यात कटिंगचे कागद यायला लागले आणि घरोघरी जेवणाच्या टेबलावर त्या रेघांच्या जंजाळातून आया मुलांचे फ्रॉक शोधायला लागल्या. त्याच वर्षी टपालानं माल पाठवणाऱ्या नेकरमानचा कॅटलॉग, आणि हॅम्बुर्गहून ओटोचा, हातानं बांधलेल्या ३०० प्रती आणि त्यात २८ जोड बुटांचे, फक्त बूट. चार वर्षांपूर्वी अनवाणी शाळेत जाणाऱ्या देशात बुटांचा कॅटलॉग, मला तर तो हातात घेऊन बघायचाय एकदा. बुटांच्या दुकानात एक्स-रेचं मशीन असायचं, पोरं त्यात पाय घालून आपली हाडं वळवळताना बघायची आणि परत परत रांगेत लागायची, त्याचा धोका खूप नंतर लोकांच्या लक्षात आला. मुलग्यांना चामड्याची चड्डी, लेडरहोझे, मिळाली, ती फक्त बव्हेरियातच नाही तर सगळीकडे, कारण ती फाटत नाही, धुवावी लागत नाही, आणि थोरल्याकडून धाकट्याकडं, त्याच्याकडून चुलतभावाकडं जाते. पूर्वेकडं, रशियाच्या ताब्यातल्या जर्मनीत, डिसेंबर १९४८ मध्ये बालसंघटना निघाली आणि तिथल्या पोरांच्या गळ्यात निळे रुमाल आले. तिकडच्या नातेवाइकांना पार्सल करताना वर लिहावं लागायचं, 'भेटवस्तू, विक्रीचा माल नाही', आणि आत पोरांचे मोजे, कॉफी, चॉकलेट.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला अवघड जातंय, पण ते सोडून दिलं तर वरचं सगळं अर्धंच.

गेल्या हिवाळ्यात मी आजींकडं लेकीचे कपडे घेऊन बसले होते. बालवाडीत प्रत्येक कपड्याच्या आत नाव लागतं, टोपी, हातमोजे, चिखलात खेळायची रबरी पँट, सगळ्याला. मी इस्त्रीनं चिकटणारी लेबलं लावत होते. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आईनंपण लिहिलं होतं. आतल्या फ्रॉकला, लाल दोऱ्यानं. नाव, जन्मतारीख, गाव.' वाटेत हरवलो तर. रेड क्रॉसनं युद्धानंतर हरवलेल्या मुलांचा जो शोध घेतला त्यात जवळपास तीन लाख मुलांची प्रकरणं होती. पोस्टरांवर मुलांचे चेहरे असायचे आणि वर प्रश्न, आमचे आईवडील कोण, हे कुणाला ठाऊक आहे? जी मुलं इतकी लहान की नाव सांगता येत नव्हतं, त्यांच्याबाबत सापडली तेव्हा अंगात काय होतं, हाच एक दुवा.

आणि मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, त्या कोटाचं बोलल्या. मामाच्या नाही, त्याच्या आधीच्या. ब्रेस्लाऊहून निघताना सगळ्यात वर जो चढवला होता तो. तो १९४३ च्या सुमारास घरी आला होता, कुठल्यातरी वाटपातून, वापरलेला पण चांगला, गडद निळा, मखमली कॉलरचा. त्यावर छातीशी डाव्या बाजूला, बारीक भोकं होती, टाके उसवल्यासारखी. आईनं त्यावर एक कापडी फूल शिवलं. 'मला ते फूल फार आवडायचं,' आजी म्हणाल्या.

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. मी घरी येऊन वाचत बसले. २६ सप्टेंबर १९४२ ला नाझींच्या एसएस संघटनेतल्या ऑगस्ट फ्रांक नावाच्या अधिकाऱ्यानं लुब्लिनला आणि आउशविट्झच्या छळछावणीला एक लेखी आदेश पाठवला, मारलेल्या ज्यूंच्या सामानाचं काय करायचं याचा. पैसे, घड्याळं, पेनं, पांघरुणं, बाबागाड्या, सगळं कुठं कुठं पाठवायचं ते एकेक करून. बायकांचे आणि मुलांचे कपडे बाहेर वसवलेल्या जर्मन वंशाच्या लोकांना. आणि त्यात सक्त सूचना, प्रत्येक कपड्यावरचा तारा, ज्यूंना सक्तीनं छातीशी शिवायला लावलेला, काढून टाकलेला असला पाहिजे. फेब्रुवारी १९४३ च्या हिशोबात असं कापड ८२५ रेल्वे डबे भरून गेल्याची नोंद आहे. पोझनमध्ये मदत वाटणाऱ्यांनी तर तक्रार केली होती की आलेल्या काही जाकिटांवर तारे तसेच आहेत. हॅम्बुर्गमध्ये हद्दपार केलेल्या ज्यूंचं घरसामान भर लिलावात विकलं गेलं आणि शेजारपाजारच्यांनी ते घेतलं.

तो कोट कुठून आला होता, आजींना माहीत नाही. मलाही नाही. भोकं बिल्ल्याची असतील, जुन्या फुलाची असतील. पण ऐंशी वर्षं त्या भोकांवर बोट ठेवून जगलेली बाई माझ्यासमोर बसली होती, आणि त्या कोटानं तिला ब्रेस्लाऊच्या बर्फातून जिवंत आणलं होतं. तो कोट जिचा असेल ती मुलगी तिच्यापेक्षा थोडीच मोठी असणार, साइजवरून सांगते मी, कारण आजींना तो मोठा होता. तिच्या आईनंही तो वाढत्या अंगाचाच घेतला असणार.

जगलेली ज्यू मुलं फार थोडी होती आणि तीही याच देशात, म्युनिकजवळ फोरेनवाल्डसारख्या छावण्यांत, अमेरिकन ज्यू संस्थांनी पाठवलेले कपडे आणि मिलिटरीच्या कांबळ्यांचेच कोट घालून पुढं कुठं पाठवतात याची वाट बघत होती. फोरेनवाल्डची छावणी १९५७ पर्यंत चालू होती. एकाच देशात, एकाच रंगाच्या कांबळ्याचे दोन कोट, दोन मुलींच्या अंगावर. आजी आणि मी त्या दिवसानंतर हा विषय काढलेला नाही. पण फुलाचं मला सांगितल्यापासून त्या माझ्याशी वेगळ्या बोलतात. म्हणजे प्रेमानं आधीपासूनच बोलायच्या, आता थांबून थांबून बोलतात.

या सप्टेंबरात लेक ११६ ची झाली. निळ्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या म्हणून मी आजींकडं गेले. त्यांनी चष्मा लावला, छोट्या कात्रीनं टाके कापले, आतला दोरा एका ओढीत बाहेर आला आणि तो त्यांनी सवयीनं बोटाला गुंडाळून डबीत टाकला. आतलं कापड गडद निळं, बाहेरचं थोडं विटलेलं. लेकीनं कोट घातला, हात पुढं केले आणि विचारलं, 'ही रेघ कसली?'

आजींनी इस्त्री तापवली होती. ओलं फडकं टाकून त्यांनी ती रेघेवरून तीनदा फिरवली आणि मग कोट उजेडात धरला. रेघ होती तशीच होती. 'राहू दे,' म्हणाल्या, 'ही तू गेल्या वर्षीची,' आणि आतून दोन बोटं मोजून नवी दुमड टाचायला घेतली.